हात फिरवलेले ठसे

ओढा आटला तेव्हा आधी बेडूक गप्प झाले आणि मग कापड छापायच्या शेडा. कापडाला रंग जितका लागतो त्याहून जास्त वाहतं पाणी लागतं. घागरीने पाणी ओतून धुतलेल्या कापडावर रंग असा फिसकटतो, की लहान मुलाच्या हातात दौत सापडली होती असं वाटावं. मालकांनी थोडे दिवस आभाळाकडे पाहिलं, थोडे दिवस एकमेकांकडे पाहिलं, आणि शेडांची दारं लोटून घेतली.

ठसेवालीच्या घरातले लाकडी ठसे फडताळात उलटे पडून राहिले. नवरा ते कोरायचा, ती कापडावर मारायची. वेळ पडली तर कोरायचीसुद्धा. सासऱ्याने मुलाच्या बरोबरीने सुनेलाही पटाशी धरायला शिकवलं होतं. तो म्हणायचा, "मुलाचा हात जड आहे, सुनेचा हलका. दोघं मिळून एक बरा कारागीर होतो." सासरा गेला, हे वाक्य घरात राहिलं. भांडणात दोघांनाही कामी यायचं.

आता नवरा खडी फोडायच्या मशीनवर जात होता. नाजूक पाकळी कोरायला शिकलेल्या माणसाने दगडाच्या पाट्या उचलायच्या म्हणजे सुईने विहीर खणण्यातलाच प्रकार. संध्याकाळी तो ओट्यावर बसायचा आणि हात मांडीवर उताणे ठेवायचा, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत आणि मालक येईपर्यंत सांभाळायचे आहेत. बोटं सुजून जाड झाली होती. मूठ पुरती वळत नव्हती. एकदा तिने सहज म्हणून त्याच्या हातात पटाशी दिली. ती त्याच्या बोटांतून निसटून खाली पडली. त्याने ती उचलली, पुसली, आणि जागेवर ठेवून दिली. "आज दमलोय," एवढंच म्हणाला. असाच आणखी एखादा हंगाम गेला तर ही बोटं पटाशीला कायमची मुकतील, हे दोघांनाही कळत होतं.

अशात शाळेतून बोलावणं आलं.

"हस्तकलेची जागा निघणार आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या शाळेच्या मुख्य. बोलताना समोरच्याकडे न बघता खिडकीबाहेरच्या मुलांकडे बघायच्या. "पाहणीला वरून माणसं येतील. मुलांचं काम त्यांच्या मनात भरलं की तुम्ही कायमच्या. नाही भरलं तर माझ्या हातात काही नाही."

"लाकूड नाही झेपायचं मुलांना."

"मग जे झेपेल ते घ्या. पण भिंत भरली पाहिजे."

घरी येता येता तिने मनातल्या मनात नवऱ्याला खडीवरून उठवून घरात बसवलंसुद्धा. हातांना तेल लावून, सावलीत. सूज उतरल्यावर पुन्हा कोरायला.

लेकीने मात्र कपाळाला हात लावला. "आमच्याच वर्गावर?"

"हो."

"मग शाळेत मी तुला आई म्हणणार नाही."

"काय म्हणशील?"

"बाई."

"आणि घरी?"

"घरी बघू," लेक म्हणाली. "तू कसं शिकवतेस त्यावर आहे."

शाळेच्या दारात शिपायाने तिला अडवलं. "स्वयंपाकाच्या बायका मागच्या दाराने."

"शिकवायला आलेय."

"काय?"

"ठसे."

त्याने तिच्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडांत निळा रंग कायमचा मुरलेला होता. कितीही घासलं तरी तो जात नसे. "आधी हात धुवून घ्या," तो म्हणाला. पाणी नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. तिने मुठी मिटल्या आणि तशीच आत गेली.

पिशवीत तिने दोन गोष्टी आणल्या होत्या: झिजलेल्या रबरी चपलांचे तळ, आणि मोडक्या छत्र्यांच्या काड्या. छत्र्यांना तरी त्या वर्षी दुसरं काय काम होतं! छत्रीच्या काडीला मधोमध पन्हळ असते. ती तोडून टोकाला दगडावर घासली की रबर खरवडायला अशी धार येते की विचारू नका. काड्यांना तिने चिंध्यांच्या मुठी बांधल्या होत्या.

"बाई, या चपलेला शेणाचा वास येतोय," मागून एक जण ओरडला. त्याला सगळे भोंगा म्हणायचे. हळू कसं बोलतात हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

"मग शेणाचं चित्र काढ. आपोआप जमेल."

वर्ग हसला. लेक शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसली होती, पण तिचेही खांदे हललेले ठसेवालीने पाहिले, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

तिने एका तळावर नुसतं पान काढलं. पानाभोवतालचं रबर खरवडून टाकलं. बाटलीवर सायकलची ट्यूब चढवून केलेला रूळ काळ्या शाईत फिरवला, मग तळावरून फिरवला. वर जुन्या कॅलेंडरच्या पानाची कोरी बाजू ठेवली आणि वाटीच्या बुडाने घासली. मुलं बाकांवरून उठून पुढे आली होती. कागद उचलल्यावर भोंगासुद्धा क्षणभर गप्प झाला.

"शाई उंचावर बसते, खड्ड्यात उतरत नाही," ती म्हणाली. "जे ठेवाल ते दिसेल, जे काढाल ते जाईल. आणि एकदा काढलेलं परत लावता येत नाही. डिंक नाही, चिकटपट्टी नाही, रडणं नाही. म्हणून आधी बघायचं, मग काडी लावायची."

हे ती मुलांना सांगत होती. स्वतःला सांगायचं राहूनच गेलं.

मुलं भराभर शिकली. बोटं कापली, शाई नाकाला लागली, एकाने रूळ दुसऱ्याच्या पाठीवरून फिरवला. भोंग्याने ट्रॅक्टर काढला. त्याची चाकं अंडाकृती होती आणि धूर ट्रॅक्टरपेक्षा मोठा. "धूरच महत्त्वाचा आहे बाई, मामा सुरू करतो तेव्हा आधी धूरच दिसतो," तो म्हणाला. लेक काय कोरत होती ते ती दाखवत नव्हती. आई जवळ आली की तळावर पाटी ठेवायची.

खिडकीपाशी एक मुलगी बसायची, गप्पी. वर्षभरात तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. नाव त्यावरूनच पडलं होतं. ती शेळी कोरत होती. चारा संपला म्हणून त्यांच्या घरातली शेळी नुकतीच विकली होती, हे भोंग्याने सगळ्या वर्गाला सांगून टाकलं होतं. शेळीचे पाय काटक्यांसारखे होते, पोट एका बाजूला कललेलं होतं. एक कान लांब लोंबता होता आणि दुसरा अर्धाच.

"एक कान मोठा झालाय गं," ठसेवाली वाकून म्हणाली.

गप्पीने कानावर तळहात ठेवला आणि तो हलवलाच नाही. ठसेवालीला वाटलं, लाजली. पोर आपली चूक झाकतेय. तिने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती पुढच्या बाकाकडे गेली.

पाहणीच्या आदल्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सगळे ठसे नीट पुसून आणायचे म्हणून ती ते पिशवीत घालून घरी घेऊन आली होती. लेक टँकरच्या रांगेत गेली होती, नवरा खडीवर. दुपारच्या उन्हाने ओटा तापला होता. तिने ठसे सावलीत ओळीने मांडले आणि एकेक निरखून पाहिला.

वर्गात, त्या गोंगाटात, सगळं छान दिसलं होतं. इथे, घरच्या ओट्यावर, जिथे सासऱ्याने केसाएवढ्या फरकासाठी ठसा परत कोरायला लावला होता, तिथे ते सगळं उघडं पडलं. रेघा थरथरत्या. चाकं अंड्यासारखी. माणसांचे डोळे कपाळावर. हे भिंतीवर लागणार, आणि वरून आलेली माणसं हे बघून ठरवणार, की तिचा नवरा उद्या कुठे जाईल.

त्यांच्या धंद्यात एक रीत होती. शिकाऊ पोराचा ठसा तसाच कापडावर जात नसे. जाणता माणूस त्यावर हात फिरवायचा. वाकडी रेघ सरळ करायची, जाड कड बारीक करायची. त्याबद्दल कोणी विचारत नसे, कोणी आभार मानत नसे. सकाळी आपला ठसा सुधारलेला दिसला की शिकाऊ पोराने समजायचं, आपल्यावर कोणाची तरी माया आहे. नवी सून असताना तिच्या ठशांवर सासरा असाच हात फिरवायचा. त्या घरात तिच्याशी पहिल्यांदा जे कोणी प्रेमाने वागलं ते असं वागलं.

तिने पटाशी घेतली. आधी फक्त ट्रॅक्टरची चाकं. मग धुराचा थोडा पसारा. चाकं गोल झाल्यावर बाजूचं झाड वाकडं दिसायला लागलं. झाड झाल्यावर पुढचं घर. रबर लोण्यासारखं कापलं जात होतं. किती दिवसांनी हातात पटाशी होती! हात आपोआप चालत होता, आणि ती गुणगुणत होती, हे तिला मागाहून लाजेने आठवलं. शेळीपाशी आली तेव्हा पाय तिने सारखे केले, पोट आवळलं. कानांचं काय करायचं? ठशात भर घालता येत नाही, काढताच येतं. तिने लांब कान छाटून अर्ध्या कानाएवढा केला. दोन्ही सारखे झाले. शेळी सुबक दिसायला लागली.

नवरा आला तेव्हा शेवटचा ठसा राहिला होता. तो तिच्याशेजारी टेकला. धुळीने त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. एकेक तळ उचलून त्याने उजेडाकडे धरला.

"मुलांचं काम?"

"मुलांचंच. थोडा हात फिरवला."

"बरं केलंस. असं कसं पाठवायचं?" त्याने शेवटचा ठसा घेतला. त्यावर नुसता एक हात होता, उताणा. "बोटं बघ. बोटं आहेत की केळी?"

"पोरं काहीही काढतात."

"आण इकडे."

"जमेल तुम्हाला?"

"रबरच आहे ना? दगड नाही."

त्याने पटाशी धरली. अंगठा वळेना, तेव्हा तिने तळ दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि त्याने मनगटाच्या जोरावर पटाशी सरकवली. हळूहळू, श्वास रोखून, एकेका बोटाची कड त्याने उतरवली. केळ्यांची बोटं झाली. लांब, निमुळती, कारागिराची बोटं. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो हसत होता. कित्येक दिवसांनी तिने त्याला कोरताना पाहिलं होतं. तेवढ्यात लेक पाणी घेऊन येताना दिसली, आणि का कोण जाणे, तिने सगळे ठसे घाईघाईने पिशवीत भरले.

सकाळी वर्गात ठसे वाटले तेव्हा भोंगा म्हणाला, "बाई, हा माझा नाही."

"तुझाच तो. ट्रॅक्टर."

"पण धूर?"

"धूर आहे की."

"हा विडीचा धूर आहे, बाई."

कोणी हसलं नाही. मुलं आपापले तळ मागून पुढून बघत होती. मागच्या बाजूला चपलेची झीज ओळखीची होती, पुढच्या बाजूला सगळं अनोळखी. ठसेवालीने लेकीकडे पाहिलं. लेकीच्या हातात हाताचा ठसा होता. ती आईकडे बघत नव्हती.

गप्पीने शेळीच्या कानाच्या जागी बोट ठेवलं. जिथे रबर होतं तिथे आता गुळगुळीत खळगा होता. ती त्यावरून बोट फिरवत राहिली, लांब कान होता तेवढ्या लांबीपर्यंत, पुन्हा पुन्हा.

तेव्हा ठसेवालीला कळलं. विकलेल्या शेळीचा तो अर्धा कान खरोखरच फाटलेला होता. चूक तिथे नव्हतीच. आणि लांब होता तो चांगला कान होता. शेळीचा तेवढा एकच कान धड होता, आणि तो तिने कापला होता.

बोलायला वेळ नव्हता, किंवा वेळ नाही असं तिने स्वतःला सांगितलं. पाहुणे दारात आले होते. रूळ फिरले, वाट्या घासल्या, भिंत भरली. काळीभोर, स्वच्छ, रेखीव चित्रं. पाहुण्यांतल्या चष्मेवाल्या बाई एकेका चित्रापाशी थांबत होत्या. शेळीपाशी त्या बराच वेळ थांबल्या.

"ही कोणाची?"

भोंग्याने गप्पीकडे बोट दाखवलं.

"तू केलीस बाळ? स्वतः?"

ठसेवालीला वाटलं, आता ही मान हलवेल, नाही म्हणेल, आणि सगळं संपेल. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनाचा एक कोपरा देवाची करुणा भाकत होता, की ही पोर आजही गप्पच राहू दे.

गप्पीने ठसेवालीकडे पाहिलं. मग पाहुण्या बाईंकडे.

"हो," ती म्हणाली.

वर्षभरात वर्गाने ऐकलेला तिचा हा पहिला शब्द. तो खोटा होता, आणि ठसेवालीसाठी होता. तिने तो घेतला. तोंडातून ब्र काढला नाही. बाईंनी पुढे एकेकाला विचारलं, आणि एकेक जण हो म्हणत गेला. भोंगासुद्धा, इतक्या हळू की बाईंना दोनदा विचारावं लागलं. लेकही म्हणाली. पाहुणे खूश झाले. मोठ्या बाईंनी पहिल्यांदाच खिडकी सोडून ठसेवालीकडे पाहिलं आणि मान डोलावली. शिपायाने तिच्यासाठी चहा आणला, कपात, बशीसकट.

घरी जाताना लेक दोन पावलं पुढे चालत होती. वाटेवरची धूळ तिच्या टाचांवर उडत होती.

"आता आई म्हणशील की अजून बाईच?" ठसेवालीने उगाच चेष्टेचा सूर लावून पाहिला.

लेक थांबली. "तो बाबांचा हात होता."

"कुठला?"

"बाबा संध्याकाळी बसतात ना, तसा. ते झोपले की मी बघायचे. बोटं अशी कशी झालीत ते रोज बघायचे, आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच कोरायचे." तिचा आवाज फुटला. "मला ती सुजलेली बरोबर जमली होती, आई."

ठसेवालीच्या तोंडावर आलं होतं, की तुझ्या बाबांनीच ती उतरवली. तिने ते गिळलं. आपल्या लाजेत नवऱ्याला वाटेकरी करावं इतकी ती अजून खाली उतरली नव्हती. "चुकलं माझं," ती म्हणाली. लेक पुढे चालायला लागली. दोन पावलांचं अंतर घरापर्यंत तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती आधी मोठ्या बाईंकडे गेली. उभ्यानेच सगळं सांगितलं. ठसे मी सुधारले, मुलं माझ्यामुळे खोटं बोलली, जागा द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. तिला वाटलं होतं, बाई रागावतील. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"अहो, कळतं मला," मोठ्या बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "कुठल्या पोराची रेघ अशी येते? पाहुण्यांनाही कळलं असेल. पाहणी म्हटली की सगळेच थोडं आवरतात. मीही नाही का फरशी पुसून घेतली?"

"पण मुलं—"

"मुलं विसरतात. सोमवारपासून या."

म्हणजे शिक्षासुद्धा मिळाली नाही. घरी नवऱ्याने खडीवरच्या मुकादमाला येत नाही म्हणून सांगितलं होतं. तो सावलीत बसून हातांना तेल चोळत होता, तोंडावर अशी तरतरी की तिला त्याच्याकडे सरळ बघवेना. तिला जे हवं होतं ते सगळं झालं होतं.

सोमवारी ती नवे तळ घेऊन वर्गात गेली. फळ्यापाशी न थांबता मुलांमध्ये जाऊन जमिनीवर बसली.

"तुमचे ठसे मी बिघडवले," ती म्हणाली. "तुम्हाला न विचारता. आणि तुम्ही हो म्हणालात तेव्हा मी गप्प बसले. ते तुमच्यापेक्षा मोठं खोटं. आता पुन्हा करू. मी काडीला हातसुद्धा लावणार नाही. जसं येईल तसंच भिंतीवर लावू."

"आम्हाला माहीत होतं," भोंगा म्हणाला. रागाने नाही. नुसतं सांगायचं म्हणून.

तिने तळ वाटले, काड्या वाटल्या. मग ती वाट बघत बसली. बाहेर वारा सुटला होता आणि मैदानातली धूळ दारातून आत येऊन बाकांवर बसत होती. कोणी रबराला काडी लावली नाही. लेक खाली बघत होती. भोंगा काडीची चिंधी सोडत होता आणि परत गुंडाळत होता.

खिडकीपाशी गप्पी उठली. बाकांमधून चालत ती ठसेवालीसमोर आली आणि कोरा तळ तिच्या पुढे धरला.

"तुम्हीच काढा," ती म्हणाली. "तुमची शेळी छान येते."

टोमणा असता तर ठसेवालीने सोसला असता. पण पोरीच्या डोळ्यांत टोमणा नव्हता, राग नव्हता. शिकवलेलं ती शिकली होती, इतकंच. मागे आणखी बाक सरकले. एकेक मूल उठलं, रांगेत येऊन उभं राहिलं, आणि प्रत्येकाच्या हातात, पुढे केलेला, एकही रेघ नसलेला रबराचा तुकडा होता.